मी गेल्यावर घरातला फोन कोण बघणार?

खालचीवाडी | २८ जानेवारी २०२५, रात्री ९.४०

नमस्कार. दोन वर्षं या फोरमवर नुसती वाचत असते, लिहितेय आज पहिल्यांदा. काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी बारावी सायन्सला आहे. चिपळूण-गुहागर रस्ता सोडून आत वळलं की आमचं गाव आणि त्यातली ही खालची वाडी, सतरा-अठरा घरांची. काल केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल झालं, ११ फेब्रुवारीला इंग्रजीचा पेपर आहे. म्हणजे खरं तर या वेळी मी इथे असताच कामा नये.

बारावीतल्या पोरीला हल्ली कुणी 'कशी आहेस' विचारत नाही. 'पुढे काय' एवढंच. एसटीतले कंडक्टरकाका, दळणाच्या गिरणीवाला, विरारहून काका, सगळे तेच. मी सांगते, ॲग्री, म्हणजे शेतीची डिग्री. सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दापोलीचं कृषी विद्यापीठ मिळालं तर दापोली, नाही तर मिळेल ते. कुठेही मिळालं तरी राहायला वसतिगृहच. म्हणजे पावसाळा सुरू झाला की मी घरी नाही.

माझं काय व्हायचं ते होईल. मला घरचं काय होणार ते कळत नाहीये.

लॉकडाऊनमध्ये मी आठवीत होते. शाळा फोनवर आली म्हणून बाबांनी काजूच्या पैशातून हा फोन घेतला. घरात रेंज नाही. देवळासमोरच्या सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, येते, म्हणून पोत्यावर बसून, पावसात छत्री धरून मी आठवी केली. शाळा परत भरली, पण फोन माझ्याच हातात राहिला. तेव्हापासून घरातलं जे काही फोनवर चालतं ते मी करते. रिचार्ज, लाइटबिल, गॅस, काकाने पाठवलेले पैसे आले का ते बघणं, आजीच्या गोळ्यांची नावं मेडिकलवाल्याला वाचून दाखवणं, आईच्या बचत गटाचा हिशेब. ई-पीक पाहणी, म्हणजे शेतातलं पीक सरकारी ॲपवर नोंदवणं, पण मीच करते. बाबा बांधावर उभे, पोटऱ्यांपर्यंत चिखल, आणि ॲप म्हणतं तुम्ही शेतापासून लांब आहात. बाबा म्हणतात, विचार त्याला, अजून कुठं उभा राहू?

गेल्या जुलैमध्ये लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले तेव्हा तर आमची पडवी म्हणजे तलाठी ऑफिस झाली होती. नारीशक्ती दूत ॲप दिवसा उघडायचंच नाही. रात्री एक-दोनला चालायचं, तेव्हा बॅटरी घेऊन मी आणि आई सहाणेवर. अकरा अर्ज भरले. रक्षाबंधनाच्या आधी तीन हजार आले, वाडीतल्या बायकांनी मला पेढे दिले. एका काकूंचे पैसे आधार जोडलेल्या कुठल्या तरी जुन्या खात्यात गेले, त्या आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. आणि आजी अडुसष्टची. मर्यादा पासष्ट. ती अजून म्हणते, "बाय, तूच माजं वय जास्ती लिवलंस."

आता काल काय झालं ते सांगते. प्रॅक्टिकल म्हणून फोन घरी ठेवून गेले. गॅसची गाडी आमच्या फाट्यावर पंधरा दिवसांतून एकदा येते. काल आली. सिलिंडर हवा तर फोनवर आलेला नंबर सांगावा लागतो. नंबर आला होता. आईला तो सापडला नाही. मेसेज इंग्रजीत, त्याच्या वर रिचार्जच्या जाहिराती. गाडीवाला बिचारा थांबला थोडा वेळ, मग गेला. मी संध्याकाळी आले तर आई चुलीवर भात शिजवत होती. काही बोलली नाही. "पेपर कसा गेला" एवढंच विचारलं.

धाकट्या भावाला सगळं शिकवायला घेतलंय. सातवीत आहे. त्याला फोन दिला की पाच मिनिटांनी त्यात गोळीबार सुरू असतो.

तुम्ही घरातून पहिल्यांदा बाहेर पडलात तेव्हा तुमच्या घरचं कसं झालं? कुणाला असं वाटलं होतं का?

तिरकस_तात्या | २८ जानेवारी, रात्री १०.०२

बाळे, आधी पुस्तक उघड. मग हा धागा उघड.

आणि घरच्यांना पहिला धडा हा दे, की गॅसवाला दारात असताना सांगायचा नंबर वेगळा आणि बँकेतून बोलतोय म्हणून फोनवर मागितलेला नंबर वेगळा. दुसरा सख्ख्या भावालाही सांगायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन. हे कागदावर मोठ्या अक्षरात लिहून कणगीवर चिकटव.

पोह्यांवर_लिंबू | २८ जानेवारी, रात्री १०.३०

तात्या, पोरीने मन मोकळं केलंय, लगेच काय पुस्तक.

मी उलट्या बाजूने सांगते. माझा मुलगा दोन वर्षांपूर्वी बाहेरगावी गेला. पहिला आठवडा मी त्याच्यासाठी चार पोळ्या जास्तीच्या लाटत होते आणि कुत्र्याला घालत होते. फोनचं म्हणशील तर टीव्हीचा सेट टॉप बॉक्स बंद पडला तो सव्वा महिना तसाच. घरात आम्ही दोघं पदवीधर आहोत हो! सवयच नव्हती. तो असताना आम्ही कधी मागची वायर कुठे जाते ते बघितलंच नाही.

लोटे_बी_शिफ्ट | २९ जानेवारी, सकाळी ७.१५

रात्रपाळी करून आलोय, झोपायच्या आधी पटकन लिहितो.

एक, फोनची भाषा मराठी कर. सेटिंगमध्ये दोन मिनिटांचं काम आहे. गॅसचा मेसेज इंग्रजीतच येईल, पण बाकी सगळं तरी वाचता येईल. दोन, त्या जाहिरातींच्या मेसेजना एकेक करून ब्लॉक मार. तीन, गॅसचा मेसेज ज्या नावाने येतो ते नाव आईला दाखवून ठेव. तिने नंबर शोधायचा नाही, ते नाव शोधायचं.

आणि फीची काळजी असेल तर ८ जुलै २०२४ चा शासन निर्णय वाच. उत्पन्न आठ लाखांच्या आत आणि ईडब्ल्यूएस, एसईबीसी किंवा ओबीसीत असाल तर कॅपमधून (सरकारी प्रवेश फेऱ्यांतून) व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेलेल्या मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. मेस आणि खोली त्यात नाही, तो खर्च धरून चला. दाखले आत्ताच काढून ठेवा. निकाल लागल्यावर सेतूत जी रांग लागते ती मी माझ्या बहिणीच्या वेळी बघितलीय.

जुना_फळा | २९ जानेवारी, दुपारी १२.२०

खालचीवाडी, तुझं लिखाण वाचलं आणि मला माझी पडवी आठवली. तीही कोकणातलीच, संगमेश्वर तालुक्यातली.

१९७१-७२ ची गोष्ट. मी आठवीत. वाडीत धड वाचता येणारा मी एकटा. पुरुष सगळे मुंबईत गिरणीत. मनीऑर्डर आली की पोस्टमन आधी मला हाक मारायचा, कारण अंगठा कुठे घ्यायचा ते दाखवायचं काम माझं. आणि पत्रं. कार्ड, आंतर्देशीय. जेवणं झाली की बायका यायच्या, मी कंदिलापाशी बसून मोठ्यांदा वाचायचो. मोठ्यांदा म्हणजे शाळेत धडा वाचतात तसं, खणखणीत.

एका वहिनीच्या नवऱ्याचं पत्र आलं. मी सुरू केलं. "खोलीचं भाडं तीन महिने थकलंय, हे म्हातारीला सांगू नकोस." म्हातारी समोर बसली होती. मी थांबायला हवं होतं, पण मला वाचायचा इतका जोर की पुढचं वाक्यही वाचून टाकलं, आणि त्यात म्हातारीच्याच पाटल्या गहाण ठेवायचं होतं. त्या रात्री त्या घरात काय झालं असेल ते तुम्हीच समजा.

१९७५ ला मी डी.एड.ला रत्नागिरीला गेलो. जाताना मलाही हेच वाटत होतं, आता यांची पत्रं कोण वाचणार? एसटीत बसल्यावर अगदी गळा दाटून आला. स्वतःबद्दल अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

दीड वर्षाने वसतिगृहात मला एक कार्ड आलं. तीन ओळी. वेलांट्या सगळ्या उलट्या. त्याच वहिनीचं. माझ्या धाकट्या बहिणीच्या पाटीशी बसून शिकल्या होत्या. लिहिलं होतं, "भाऊजी, तुम्ही सगळं मोठ्यांदा वाचायचात म्हणून शिकले."

माळ्यावरची_ट्रंक | २९ जानेवारी, दुपारी १.०५

मास्तर, दंडवत.

खालचीवाडी, एक विचारू? रागावू नकोस. भावाला शिकवतेस, ज्याला त्यात काडीचा रस नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन सहाणेवर तुझ्याबरोबर आई होती. मग आईला का नाही शिकवलंस? पाच वर्षं फोन घरात आहे.

खालचीवाडी | २९ जानेवारी, रात्री ९.५५

सगळ्यांचे आभार. मास्तरांचं पत्र आईला वाचून दाखवलं, ती खूप हसली. पाटल्यांचं वाचल्यावर मात्र गप्प झाली.

ट्रंकताई, राग आला होता. दुपारपासून तीन वेळा उत्तर लिहून पुसलं.

पहिल्यांदा लिहिलं होतं की आईला वेळ नसतो. खरं आहे ते. सकाळी गोठा, मग डबे, मग काजूच्या कारखान्यात सोलायला जाते, तिथून आली की परत चूल. दुसऱ्यांदा लिहिलं की ती घाबरते. तेही खरं. तिला वाटतं चुकून काही दाबलं गेलं तर खात्यातले पैसे उडतील. पण सातवी शिकलीय ती, पोथी घडाघडा वाचते, बचत गटाचा हिशेब तिच्याच डोक्यात असतो, मी फक्त लिहिते.

खरं कारण असं की मी दाखवत नव्हते. ती विचारायची, "कसं केलंस गो?" मी म्हणायचे, "राहू दे, मी करते, तुझ्याने दहा मिनिटं लागतील." हे शंभर वेळा म्हटलं असेन. आणि 'आमची बाय सगळं करते फोनवर' असं आई बायकांना सांगायची तेव्हा मला बरं वाटायचं. अकरा अर्जांचे पेढे मी एकटीने खाल्लेत.

तात्या, फिजिक्सचे तीन चॅप्टर झाले आज. निघते.

न्यूजर्सीकर | ३० जानेवारी, सकाळी ६.४०

आमच्याकडे हे सगळं समुद्रापलीकडून चालतं. आई सांगलीला एकटी, वय ७४. मी इथून व्हिडिओ कॉलवर सांगतो, "आई, वर उजवीकडे तीन टिंबं आहेत ती दाब." आई म्हणते, "कुठली टिंबं, माझ्या कॅमेऱ्यात तर तूच दिसतोयस." बावीस मिनिटं लागतात. पण परवा तिने स्वतः लाइटबिल भरलं आणि मला स्क्रीनशॉट पाठवला. उलटा, कसा कोण जाणे.

माझी मुलगी इथल्या शाळेच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिलाही ऑगस्टमध्ये जायचंय. तिच्याशिवाय घरातलं काही बंद पडेल अशी एकही गोष्ट आम्ही तिच्याकडे दिलेली नाही, हे तुझा धागा वाचताना लक्षात आलं. वॉशिंग मशीन लावायला गेल्या आठवड्यात शिकवलं.

पोह्यांवर_लिंबू | ३० जानेवारी, सकाळी ११.१०

आईला शिकवायला घेतेस तेव्हा फोन तिच्या हातात दे गं. आपल्या हातात धरून 'हे बघ असं' केलं की माणूस शिकत नाही. माझा मुलगा तेच करायचा.

खालचीवाडी | ११ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.३०

इंग्रजीचा पेपर झाला. बरा गेला. हल्ली पेपर आधी देत नाहीत, शेवटी दहा मिनिटं जास्त मिळतात. मला ती अपीलच्या प्रश्नाला कामी आली.

आईचं असं झालंय. भाषा मराठी केली. पहिले दोन दिवस ती फोन ताटासारखा दोन हातांनी धरायची. गॅसचं नाव तिने पाठ केलंय. परवा गाडीची वेळ होती. मी घरी होते, अभ्यासाची सुट्टी. मुद्दाम माडीवर बसून राहिले. ती फाट्यावर गेली, अर्ध्या तासाने रस्त्यावर रिक्षाचा आवाज आला. वरून बघितलं तर रिक्षात सिलिंडर आणि सिलिंडरला धरून आई. आत आली आणि बाबांना म्हणाली, "नंबर मीच सांगितला." बाबांनी पेपरमधून डोकं वर काढून विचारलं, "कसला नंबर?"

मला आनंद झाला. आणि आनंदात थोडं काहीतरी टोचलं. रात्री पोटात गोळा आल्यासारखं झालं, ते पेपरचं असेल म्हणून सोडून दिलं.

तिरकस_तात्या | ११ फेब्रुवारी, रात्री ८.००

पेपरचं नाही ते. तुला ठाऊक आहे. आता झोप.

एसटी_खिडकी | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

मी सावंतवाडी बाजूची, बारावी होऊन चार वर्षं झाली. मला घर सोडताना जेवढं वाटलं नाही तेवढं गाडी सोडताना वाटलं. तुझं रोजचं जाणं-येणं कसं आहे? त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस.

खालचीवाडी | १ मार्च, दुपारी ३.४५

पेपर संपले! बायोलॉजी लांबलचक होता. पण संपले. आता सीईटी ९ एप्रिलपासून, त्यामुळे आजचा एक दिवस माझा.

एसटी_खिडकी, तुमचा प्रश्न पेपरभर डोक्यात होता. आमच्याकडे वस्तीची गाडी आहे. रात्री साडेआठला येते, ड्रायव्हर-कंडक्टर शाळेच्या ओट्यावर झोपतात, सकाळी सव्वासहाला सुटते. आमच्या गोठ्यात दिवा लागला की कंडक्टरकाका उठतात आणि त्यांनी टॉर्च मारला की मी वेणी घालायला घेते. घड्याळ आमच्याकडे आहे पण ते कुणी बघत नाही. आई त्यांना चहा देते. त्या बदल्यात गाडी माझ्यासाठी दोन मिनिटं थांबते, असं आईला वाटतं. ती सगळ्यांसाठीच थांबते.

डावीकडची तिसरी सीट माझी. तिथली काच अर्धीच बंद होते, म्हणून कुणी बसत नाही. जूनमध्ये डावा खांदा भिजतो, डिसेंबरमध्ये कान गारठतात. आंबा मोहोरला की मोहोराचा वास येतो आणि पुढच्या वळणावर लगेच कुणाच्या तरी पाटीतल्या सुक्या मासळीचा. अकरावीला केमिस्ट्रीची सूत्रं मी पुढच्या सीटच्या पाठीवर बोटाने लिहून पाठ केलीत. माझ्या पाठच्या सीटवर एक आजोबा रोज डायलिसिसवाल्या मुलाचा डबा घेऊन चिपळूणला उतरायचे. नोव्हेंबरपासून ते येत नाहीत. विचारायचं कुणाला?

माझा पास फुकटचा. अहिल्याबाई होळकर योजनेत गावाकडच्या मुलींना बारावीपर्यंत एसटी फुकट आहे. सात वर्षं मी कधी तिकीट काढलं नाही, शाळेच्या कामाला कधी पाकिटात हात घातला नाही. शेवटच्या पेपरला उतरताना कंडक्टरकाका म्हणाले, "आता पुढच्या वेळी अर्धं तिकीट हं." महिलांना निम्मं आहे ना, त्याचं म्हणत होते. आणि जानेवारीतच भाडं वाढलंय, तेही त्यांनी सांगून टाकलं. मी हसले. पायरी उतरून चिंचनाक्यापर्यंत चालत गेल्यावर कळलं की पास अजून हातातच धरलाय.

निरोप समारंभ पण झाला आमचा, साडी वगैरे. त्यात सांगण्यासारखं काही नाही. फोटो चांगले आले.

जुना_फळा | १ मार्च, संध्याकाळी ६.१०

तिसरी सीट आणि अर्धी काच. तेवढ्यात तुझी दोन वर्षं आली. मी परीक्षक असतो तर निबंधाला पैकीच्या पैकी दिले असते, आणि 'मोहोर' बरोबर लिहिलास म्हणून शेरा.

विरार_फास्ट | २ मार्च, रात्री ११.३०

मी तुमच्या काकांच्या जातीचा, म्हणजे चाकरमानी. नालासोपाऱ्यात राहतो, गाव राजापूर. आम्ही पैसे पाठवतो आणि विचारतो, "आले का?" पलीकडून पुतणी म्हणते, "आले." मग आमचं काम झालं. त्या 'आले' मागे कोण पोरगी सहाणेवर जाऊन उभी राहते, हे खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. शिमग्याला गावी येतोय, पुतणीला विचारतो.

खालचीवाडी | १६ मार्च, रात्री १०.१५

शिमग्याची धावपळ, म्हणून उशीर.

पालखी काल आमच्या घरी आली. ओटी आईने भरली. सहाणेवर गाऱ्हाणं घातलं तेव्हा बाबांनी गुरवकाकांच्या कानात काहीतरी सांगितलं. मग गाऱ्हाण्यात आलं, "हे पोर शिकायला भायर पडतंय, तेच्या वाटेला काय आडवं येईल ता उभं करून टाक म्हाराजा," आणि सगळी वाडी ओरडली, "व्हय म्हाराजा!" विरारचे काका सगळ्यात मोठ्याने. मला कुठे बघावं कळेना. मी पालखीच्या गोंड्यांकडे बघत राहिले.

गंमत अशी की सहाणेवर एवढी माणसं जमली की रेंज गेली. चाकरमान्यांचे पन्नास फोन एकदम. सगळे हात वर करून फिरत होते. आईने काकांना सांगितलं, "देवळामागं आवळीखाली जावा, तिथं येते." हे मलाही माहीत नव्हतं. ती कधी गेली आवळीखाली?

विचारलं तर म्हणाली, तू पेपरला गेलीस की मी तिथं जाऊन बसायची. काय करायचीस? तर व्हॉट्सॲपवर बचत गटातल्या बायकांना बोलून मेसेज पाठवायची. टाइप करायचं नाही, माइक दाबायचा आणि बोलायचं. आता गटाच्या बायकांचा वेगळा ग्रुप आहे, त्यात मी नाही.

माळ्यावरची_ट्रंक | १६ मार्च, रात्री १०.४०

त्यात मी नाही! हे वाक्य मी दोनदा वाचलं.

लोटे_बी_शिफ्ट | १७ मार्च, सकाळी ७.३०

सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, एकही प्रश्न सोडू नको. अकरावीवर २० टक्के आणि बारावीवर ८० टक्के असतात, पण अकरावीचं लोक उगाच सोडून देतात. तेच सोपे मार्क असतात. बाकी देव बघून घेईल, त्याला ऑर्डर गेलीच आहे.

खालचीवाडी | ५ मे, संध्याकाळी ५.२०

निकाल लागला. ७४.१७. कोकण विभाग ९६.७४ टक्क्यांनी पुन्हा राज्यात पहिला, त्यामुळे गावात नुसतं पास झाल्याचं कौतुक कुणालाच नाही. सीईटी बरी गेलीय, तिचा निकाल यायचाय. दापोलीचं तेव्हाच कळेल.

एक वाजता लागणार होता. मी, आई, बाबा, आजी, भाऊ, सगळे आवळीखाली. उन्हाने डोकं तापलेलं. मी फोन घेतला, बैठक क्रमांक टाकला. खाली दुसरा रकाना येतो, आईचं नाव. ते बरोबर असल्याशिवाय निकाल उघडत नाही. माझी बोटं थरथरत होती, दोनदा चुकीचं पडलं. साइट पण गोल फिरत होती.

आईने हात पुढे केला. मी म्हणणार होते राहू दे, मी करते. तोंडापर्यंत आलं होतं.

दिला फोन. तिने पदराने काच पुसली. इंग्रजी अक्षरं तिला येतात, पण की-बोर्डवर ती ओळीने नसतात, त्यामुळे एकेक शोधायला लागतं. तिच्या नावात सात अक्षरं आहेत. पहिलं सापडलं, मग दुसरं. भाऊ मध्येच म्हणाला, "आई, लवकर." आजी त्याला म्हणाली, "गप रं, तिचं नाव हाय ता."